डाव्या चाकाची सर्क्लिप

जेवून झाल्यावर ताटात घास उरला तर एक वेळ चालेल, पण काम झाल्यावर फडक्यावर नट उरला तर चालणार नाही, हे मिस्त्रींचं जुनं ब्रीद. गाडीखाली शिरण्याआधी ते एक जाड पांढरं फडकं जमिनीवर अंथरायचे आणि सुटलेली प्रत्येक वस्तू त्यावर ओळीने मांडायचे. पांढरंच का, तर काळ्या फडक्यावर काळा स्क्रू दिसत नाही, इतकं साधं. काम संपलं की फडकं रिकामं दिसलं पाहिजे. मग ते झटकायचं, घडी घालायची आणि दुसऱ्या गाडीला हात लावायचा. या फडक्यापायी गल्लीतल्या बाकीच्या मेकॅनिकांनी त्यांची पुष्कळ टिंगल केली होती. "मिस्त्री, गाडी आहे ती, बाळंतीण नव्हे," असं एकजण तोंडावर म्हणालाही होता. मिस्त्रींनी ते मनावर घेतलं नाही, कारण त्याच्याकडे दुरुस्त झालेल्या गाड्या महिन्याभरात मिस्त्रींच्याच दारात उभ्या असायच्या.

तर त्या सकाळी एका ट्रकचा डिझेल पंप उतरवायचा म्हणून मिस्त्रींनी फडक्याची घडी उलगडली, आणि आतून काहीतरी टिंग करून फरशीवर पडलं. गोल गोल फिरलं आणि टायरला टेकून आडवं झालं. मिस्त्रींनी वाकून उचललं. मोठ्या नाण्याएवढी पोलादी रिंग, एका जागी तोंड उघडं. सर्क्लिप. नवी कोरी, अंगावरचं तेलसुद्धा पुसलेलं नाही.

मिस्त्रींनी कालची कामं आठवून बघितली.

काल दिवसभरात त्यांनी एकच मोठं काम केलं होतं, ते दवाखान्याच्या जीपचं. दवाखाना म्हणजे फिरता दवाखाना. पंधरा दिवसांतून एकदा डॉक्टरबाई औषधांची खोकी घेऊन डोंगरावरच्या वस्तीत जायच्या, आणि जीप चालवायची ती मिस्त्रींची सून. जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांचे हब बदलायचे होते. नव्या हबची दोन पाकिटं, प्रत्येकात एक सर्क्लिप. जुन्या दोन्ही सर्क्लिपा बाकीच्या जुन्या सामानासोबत तारेत ओवून सूनबाईच्या हातात दिल्या होत्या, कारण काढलेला माल गिऱ्हाइकाला मोजून परत करायचा हाही मिस्त्रींचा नेम, मग गिऱ्हाईक घरचं का असेना. म्हणजे दोन काढल्या, दोन बसायला हव्या होत्या, आणि त्यातली एक आत्ता त्यांच्या तळहातावर होती. कुठलं तरी एक चाक त्यांनी तसंच बंद केलं होतं.

आणि जीप सकाळीच डोंगराकडे गेली होती.

गाडी म्हणजे चावी फिरवली की चालते, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ही जीप रोजच्या रस्त्यावर मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालते. पुढची दोन नुसती सोबतीला. चिखल लागला, चढ आला, की चालकाने सीटजवळचा छोटा दांडा ओढायचा. त्याने इंजिनाचा जोर पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत येतो. पण अ‍ॅक्सलपर्यंतच. चाकाच्या मधोमध एक गोल डबी असते, तिला हब म्हणतात. खाली उतरून दोन्ही चाकांच्या हबवरची चकती हाताने फिरवली, की आतले दाते एकमेकांत अडकतात आणि मग कुठे अ‍ॅक्सल चाकाला घेऊन फिरू लागतो. दाराला आतून एक कडी आणि बाहेरून एक असावी, आणि दोन्ही लावल्याशिवाय दार घट्ट बसू नये, तसा हा मामला. यात सर्क्लिपचं काम एवढंसंच. अ‍ॅक्सलच्या टोकाला एक खाच असते, तिच्यात बसून राहायचं आणि अ‍ॅक्सलला आत सरकू द्यायचं नाही. ती नसली तरी गाडी गॅरेजात शहाण्यासारखी वागते. जॅकवर चढवून चाक फिरवून बघितलं तर तेही फिरतं, आणि मिस्त्रींनी काल तसं बघितलंही होतं. पण बाहेर पडून खड्डे लागले, की हिसक्याहिसक्याने अ‍ॅक्सल आत जातो आणि दाते सुटतात. बरं, एका चाकाचे सुटले तर दुसरं तरी ओढेल म्हणावं, तर तेही नाही. सगळा जोर सुटलेल्या बाजूला पळून जातो आणि धडधाकट चाक बघत बसतं.

डोंगराच्या वाटेवर एक चढ होता. लाल चिकणमातीचा, सदा ओला, कारण वरून झरा झिरपायचा. एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसती हवा. तिथे अर्ध्या वाटेवर पुढच्या चाकांनी दगा दिला तर गाडी जागच्या जागी थांबत नाही. मागे घसरते, आणि कुठे घसरायचं ते तीच ठरवते.

गॅरेजच्या पुढच्या भागात स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं. तिथे काउंटरवर मिस्त्रींची बायको बसायची. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची, तेव्हा आपणही मावशीच म्हणू. मिस्त्री तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि नुसता तळहात पुढे केला. मावशींनी त्या हाताकडे बघितलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि हातातलं बेअरिंगचं खोकं खाली ठेवलं.

"कुठल्या चाकाची?"

"डाव्या."

"हॉर्नच्या वेळची?"

"हो."

हॉर्नचं प्रकरण असं झालं होतं. उजवं चाक व्यवस्थित जोडून मिस्त्री डाव्यापाशी बसले, तेव्हा सूनबाई मागून म्हणाली होती, "बाबा, हे डावं मी बसवू का? तुम्ही नुसतं बघा." ती हे पहिल्यांदा म्हणत नव्हती. आणि मिस्त्रींनीही नेहमीचंच उत्तर दिलं होतं, "कशाला हात काळे करतेस? चालवायचं काम तुझं, जोडायचं माझं." ती बघत राहिली. तेवढ्यात रस्त्यावरून एक मोटार भोंगा ठणाणा वाजवत थेट गॅरेजात शिरली. हॉर्न अडकला होता. आतला माणूस घामाघूम, गल्लीतली माणसं दारादारात, कुत्री सुरात सूर मिसळतायत. मिस्त्री उठले, बॉनेट उघडून वायर उपटली. त्या माणसाने आभार मानताना सगळी जन्मकथा सांगितली. मिस्त्री परत येऊन बसले तेव्हा आपण नेमके कुठवर आलो होतो ते त्यांना आठवेना, पण सूनबाई बघत होती. तिच्यासमोर थांबून विचार करणं त्यांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी झाकण लावलं, बोल्ट आवळले आणि फडकं न झटकता घडी घालून ठेवलं. तीस वर्षांत प्रथमच.

"फोन लाव तिला," मिस्त्री म्हणाले.

मावशींनी लावला. फोनमधली बाई म्हणाली, संपर्क होऊ शकत नाही. पुन्हा लावला, ती पुन्हा तेच म्हणाली, त्याच गोडव्याने.

"या फोनवालीला कधी कशाची घाई नसते," मावशी म्हणाल्या आणि उठल्या. "शटर ओढा. मी स्कूटर काढते."

"मी चालवतो."

"हात बघा तुमचे."

मिस्त्रींनी बघितले. शटरच्या कुलपाची किल्ली भोकाभोवतीच फिरत होती. मग ते हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन मागे बसले. आयुष्यभर चारचाकी गाड्यांची नाडी बघणारा माणूस आणि बायकोच्या मागे स्कूटरवर, हे दृश्य बघायला चहावाला टपरीबाहेर आला. एरवी मिस्त्रींनी त्याला दोन शब्द सुनावले असते. आज त्यांचं सगळं लक्ष वरच्या खिशात होतं. रुमालात गुंडाळलेली सर्क्लिप तिथे होती आणि ते दर वळणाला ती चाचपून बघत होते.

गाव मागे पडलं. विटांच्या भट्ट्या गेल्या, लाकडाची वखार गेली, आणि रस्त्याला खड्डे सुरू झाले. प्रत्येक खड्ड्यागणिक मिस्त्रींना वाटायचं, इथे अ‍ॅक्सल केसभर आत सरकला असेल. इथे आणखी.

"हात गेले माझे आता," ते बायकोच्या पाठीला म्हणाले. "डोळे गेले, डोकं गेलं. बंद करावं दुकान."

"एक सर्क्लिप राहिली म्हणून?"

"एक राहिली म्हणजे आणखी किती राहिल्या असतील, कुणास ठाऊक."

"मी मागे आमटीत दोनदा मीठ घातलं होतं, तेव्हा तुम्ही मला स्वयंपाक बंद कर म्हणालात का?"

"ते वेगळं. मिठाने कोणी दरीत पडत नाही."

मावशींनी स्कूटरचा कान आणखी पिळला. त्यांचीही मान ताठ झाली होती, ते मिस्त्रींना मागून दिसत होतं. लेकाला नोकरीने दूरच्या शहरात नेलं होतं, आणि घरात आता तिघंच उरली होती. त्या तिघांत संध्याकाळी आल्याआल्या दाराशीच दिवसभराची हकिगत सांगायला लागणारं माणूस एकच होतं.

"तिला काय तोंड दाखवू मी?" पुढच्या खड्ड्याला मिस्त्री म्हणाले.

"आहे तेच दाखवा. त्याचा स्पेअर माझ्या काउंटरवर नाही."

मिस्त्रींना हसू आलं नाही, पण छातीवरचं दडपण थोडं हललं. बायको अजून थट्टा करतेय म्हणजे सगळंच काही संपलेलं नाही, असा त्यांनी स्वतःपुरता हिशेब केला.

खडीच्या खाणीपाशी रस्त्यावर आडवा बांबू होता आणि शेजारी राखणदार खुर्ची टाकून बसला होता. मावशींनी स्कूटर थांबवली.

"दवाखान्याची जीप गेली का हो?"

"गेली की. केव्हाच गेली."

"ठीक होती?"

"ठीक म्हणजे? डॉक्टरबाई हसत होत्या कशाला तरी." मग त्याने दोघांकडे निरखून बघितलं. "काय झालं? कोणी आजारी आहे का?"

"हे आहेत," मावशी म्हणाल्या आणि बांबू वर व्हायची वाट बघू लागल्या.

पुढची वाट कच्ची. मिस्त्री आता मनातल्या मनात बोलायचं ते जुळवत होते. 'पोरी, माझं चुकलं.' हे बरं वाटेना. 'हे बघ, काल तो हॉर्नवाला आला नसता तर...' हे तर अगदीच वाईट. दोष हॉर्नवर ढकलायचा म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. परत 'माझं चुकलं' वरच ते आले. मग त्यांच्या मनात आलं, की हे ऐकायला ती असली म्हणजे मिळवली. चढाच्या आधीचं शेवटचं वळण समोर दिसत होतं. त्यापलीकडे एक मोकळं माळरान, आणि तिथून चढ सुरू. मिस्त्रींनी डोळे गच्च मिटून घेतले.

स्कूटर वळली. पाठोपाठ असा करकचून ब्रेक लागला की हत्यारांची पेटी मावशींच्या पाठीत बसली.

"अहो, डोळे उघडा," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला होता आणि तोंडभर हसू होतं. "उभी आहे."

जीप माळावर एका झाडाखाली उभी होती. चारी चाकांवर, सरळ, चढाच्या पुष्कळ अलीकडे. डॉक्टरबाई औषधाच्या खोक्यावर बसून सफरचंद खात होत्या. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. इतका धाडकन पडला की ते स्कूटरवरून उतरायच्या ऐवजी तिथेच बसून राहिले. हवा केवढी छान आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. झाडावर कुठलासा पक्षी कर्कश ओरडत होता, तोही त्यांना फार गुणी वाटला.

"या, या!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचीच वाट बघतोय."

वाट बघतोय? मिस्त्रींना काही उमगेना. ते पेटी घेऊन जीपला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि जागीच उभे राहिले.

डाव्या चाकाच्या हबचं झाकण निघालेलं होतं. चाकाजवळ जमिनीवर पांढरं कापड अंथरलेलं होतं आणि त्यावर हबचे बोल्ट ओळीने, सगळ्यांची डोकी एका दिशेला. अ‍ॅक्सलच्या टोकात एक लांब बोल्ट पिळून तो बाहेर ओढून ठेवलेला. खाच पुसून लख्ख केलेली. आणि त्या सगळ्यासमोर सूनबाई उकिडवी बसलेली, मनगटापर्यंत काळी. तिने वर बघितलं आणि हात पुढे केला.

"द्या."

"काय?"

"सर्क्लिप. आणलीत ना?"

मिस्त्रींनी वरच्या खिशातून रुमाल काढला. जुळवून आणलेलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं होतं.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. "आणि मी येणार हे कसं कळलं?"

"पुढची चाकं ओढत नाहीत हे कळायला काय लागतं?" सूनबाई म्हणाली. "चढ लागण्याआधी मी इथे माळावर दर खेपेला एक गोल घेते. हब लावायचे, दांडा ओढायचा आणि स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी फिरवायची. पुढची चाकं कामाला लागली असली की गाडी वळताना अडते, कुरकुरते, स्टिअरिंग जड होतं. आज गाडी लोण्यासारखी वळली. मी म्हटलं, कुरकुर नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय."

"घरातल्या माणसाचंही तसंच असतं," मावशी म्हणाल्या. "हे एक दिवस कुरकुरले नाहीत की मी ताप बघते."

"मग उजवं उघडलं," सूनबाई पुढे म्हणाली, "ते ठीक होतं. डावं उघडलं तर खाच रिकामी. जुनी लावून बघावी म्हटलं, तारेत ओवलेल्या होत्याच बरोबर. पण दोन्हीची तोंडं फाकलीत, बसतात आणि निसटतात. मग बसले वाट बघत."

"पण मी येणार हे—"

"बाबा, आज तुमच्याकडे ट्रकचा पंप होता. पंप उतरवायचा म्हणजे फडकं अंथरणार. फडकं अंथरलं की सापडणार. आणि सापडल्यावर तुम्ही काय गॅरेजात बसून राहणार होता?" उद्या सकाळी उजाडणार आहे असं सांगावं, इतक्या सहज तिने हे सांगितलं. "डॉक्टरबाई म्हणत होत्या परत जाऊ. मी म्हटलं, कशाला? वर लोक थांबलेत. आमचे बाबा निघाले असतील."

सबंध वाटभर मिस्त्री स्वतःला नालायक ठरवत आले होते, आणि इथे ही पोर त्यांच्यावर सगळा दिवस टाकून निवांत बसली होती.

"माझं चुकलं, पोरी," ते म्हणाले. "काल मी उठलो आणि परत बसलो तेव्हा मला आठवत नव्हतं. थांबून बघायला हवं होतं. तू बघत होतीस म्हणून थांबलो नाही."

"मलाही शंका आली होती," सूनबाई म्हणाली. "तुम्हाला राग येईल म्हणून बोलले नाही. तेव्हा अर्धं माझंही चुकलं."

"दोघांचं झालं असेल तर ते लावा आता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि तो अ‍ॅप्रन माझा आहे, बरं का. धुवायला ठेवला होता, हिने अंथरला. म्हणे काळ्यावर काळं दिसत नाही."

मिस्त्री खाली बसले. पेटीतून सर्क्लिपची पक्कड काढली, आणि सवयीने स्वतःच वाकणार, तेवढ्यात थबकले. त्यांनी पक्कड सूनबाईला दिली आणि स्वतः बोल्ट धरून अ‍ॅक्सल बाहेर ओढून धरला. सूनबाईने रिंगचं तोंड पकडीत धरून फाकवलं, टोकावरून आत नेलं आणि हळूच सोडलं. टक्. एवढासा आवाज, पण मिस्त्रींना तो पाठीच्या कण्यापर्यंत ऐकू आला.

"फिरवून बघ," ते म्हणाले. "खाचेत बसली असेल तर नखाने फिरते, पण उचलत नाही."

तिने फिरवली. फिरली. उचलून बघितली. उचलली नाही. त्यांनीही एकदा नख लावून बघितलं, आणि ते तिला वावगं वाटलं नाही.

झाकण लागलं, बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळले. सूनबाईने अ‍ॅप्रन उचलून नीट बघितला. वर काही उरलं नव्हतं. मग दोन्ही हबच्या चकत्या फिरवून ती गाडीत बसली, दांडा ओढला आणि माळावर एक गोल घेतला. जीप अर्ध्यात आली आणि कुरकुरली. नुसती कुरकुरली नाही, तर अडली, ढुशा दिल्या, चाकांनी खडी उकरली. मिस्त्री ते ऐकून मोठ्याने हसले. पुन्हा एकदा हसले. मावशींनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनाही हसू आवरेना, आणि कशाला हसतोय हे न कळता डॉक्टरबाईही त्यात सामील झाल्या.

"मी बसतो पुढे," मिस्त्री म्हणाले. "ज्याने जोडलं त्याने पहिल्या चढाला गाडीत असावं."

"जोडलं मी," सूनबाई म्हणाली.

"तू आहेसच की गाडीत."

"मीही येते," मावशी म्हणाल्या. "मी काय इथे स्कूटरची राखण करू?" आणि त्या डॉक्टरबाईंसोबत मागे औषधांच्या खोक्यांमध्ये जागा करून बसल्याही.

चढ सुरू झाला. मिस्त्री आजवर सुनेच्या शेजारी कधी बसले नव्हते. तिची गाडी त्यांनी फक्त येताना आणि जाताना पाहिली होती. लाल चिखल समोर चकाकत होता. तिने दांडा सर्वांत हळू पण सर्वांत ताकदीच्या खाचेत टाकला, पहिला गिअर घातला आणि मग पाय अगदी स्थिर ठेवला. घाई नाही, रेटारेटी नाही. अर्ध्यावर मागची चाकं गरगरली आणि गाडी कड्यापासून वीतभर बाहेर सरकली. मिस्त्रींचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला. आणि मग त्यांना ते जाणवलं. पायाखालून, पुढून, कोणीतरी दोन हातांनी धरून वर घ्यावं तसं पुढच्या दोन चाकांनी चिखलात बोटं रोवली आणि गाडीला ओढलं. डावं आणि उजवं, दोन्ही. मागून मावशींनी घेतलेला श्वास ऐकू आला, आणि सोडलेलाही. सूनबाईने कपाळावरचे केस मागे सारले. तेवढीच तिची घाबरल्याची खूण. मग चिखल संपला, दगड लागला, आणि वस्तीची पहिली घरं दिसली. एका घरासमोर माणसं रांगेत बसली होती, ती जीप बघून उभी राहिली.

मिस्त्रींना इतकं हलकं वाटत होतं की त्यांनी उगाचच डॉक्टरबाईंना विचारलं, "आज गर्दी बरी आहे, नाही?"

"तुमच्या कृपेने," डॉक्टरबाई म्हणाल्या, पण चांगल्या मनाने.

वर रस्ता कोरडा आणि पक्का होता. अशा रस्त्यावर पुढची चाकं जोडलेली ठेवली तर आतले दाते एकमेकांवर ताण देतात, म्हणून दांडा मागे घ्यायचा, थोडी गाडी मागे न्यायची आणि उतरून दोन्ही हब सोडायचे, हा नियम. सूनबाईने गाडी थांबवली आणि उतरली. उजव्या चाकाशी वाकली. मग समोरून वळसा घालून डाव्याशी, मिस्त्रींच्या दाराच्या अगदी पुढ्यात. तिचा काळा हात चकती फिरवताना त्यांना खिडकीतून अर्धाच दिसत होता.

मिस्त्रींचा हात सवयीने दाराच्या कडीवर गेला होता. कुठल्याही गाडीचं काम कोणीही केलं, तरी शेवटी उतरून स्वतःच्या बोटांनी चाचपल्याशिवाय त्यांना आजवर चैन पडलेलं नव्हतं.

"झालं," सूनबाई म्हणाली.

मिस्त्रींनी हात कडीवरून काढला आणि मांडीवर ठेवला.

"उतरून बघत नाही?" मागून मावशींनी विचारलं.

"कशाला?" मिस्त्री म्हणाले. "तिने केलंय ना."